चार आण्यांची पावती

काँग्रेसचा इतिहास लिहिताना अधिवेशने, ठराव, सत्याग्रह आणि तुरुंगवास यांची जंत्री हमखास येते. पावतीपुस्तकांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. शहरी वकिलांच्या वार्षिक मेळाव्यातून उठून हा पक्ष तालुक्याच्या गावापर्यंत कसा पोचला, याचे उत्तर हवे असेल तर भाषणांपेक्षा त्या पुस्तकांतूनच अधिक हाती लागते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनाने दोन गोष्टी मंजूर केल्या. एक असहकाराचा ठराव, जो शाळेच्या प्रत्येक इतिहासपुस्तकात आहे. दुसरी पक्षाची नवी घटना, जी अभ्यासकांच्या तळटीपांत पडून आहे. माझे म्हणणे असे, की दुसरी नसती तर पहिल्याला पाय फुटले नसते. प्रचार आणि बांधणी ही दोन वेगळी खाती आहेत, एक बोलक्यांनी सांभाळावे आणि दुसरे राबणाऱ्यांनी, अशी समजूत आजही सगळ्याच पक्षांत आढळते. नागपूरनंतरचा, विशेषतः मराठी मुलुखातला अनुभव तिच्या विरोधात जातो.

त्याआधीची काँग्रेस कशी होती ते पाहावे. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. अधिवेशन खरे तर पुण्यात व्हायचे होते, पण पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले. पुढची तीस-पस्तीस वर्षे नाताळच्या सुटीत काही दिवस भरणारी सभा हेच या संस्थेचे मुख्य रूप राहिले. कामकाज इंग्रजीत चाले. एखाद्या जाहीर सभेने किंवा संस्थेने नाव सुचवले की माणूस प्रतिनिधी होई, त्यामुळे ज्या गावी अधिवेशन त्या गावच्या मंडळींचे पारडे आपोआप जड. १९०७ च्या भांडणाचे एक मूळ इथेच होते. जहालांचा जोर असलेल्या नागपुराहून अधिवेशन सुरतेला नेले, ते मंडपात बहुमत कोणाचे असावे याचा हिशेब करूनच. जागा बदलली की पक्षाचे मत बदलते, अशी ती अवस्था. जानेवारी उजाडला की काँग्रेस म्हणजे चिटणिसांचे दप्तर आणि एक छापील अहवाल, एवढेच उरे.

टिळकांना ही उणीव कळली होती. ‘केसरी’, १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यानंतरचा शिवजयंतीचा उत्सव यांतून त्यांनी मराठीत बोलणारे राजकारण उभे केले, यात वाद नाही. पण वाचक आणि श्रोता हे दोघेही घरी गेले की मोकळे. त्यांच्यावर कसली जबाबदारी नसते आणि त्यांना पक्षात काही अधिकारही नसतो. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगने ही फट बुजवायला सुरुवात केली. मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड एवढे क्षेत्र, त्यात सहा शाखा आणि रीतसर सभासद. वर्षभरात १४,००० सभासद झाले. लीगने सहा मराठी आणि दोन इंग्रजी पुस्तिका काढल्या आणि त्यांच्या ४७,००० प्रती विकल्या गेल्या. विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या नाहीत. दिडकी का होईना, पण पदरची मोडून घेतलेला कागद माणूस वाचतो, निदान जपून तरी ठेवतो.

नागपूरच्या घटनेमागे हा अनुभव होता, असे म्हणायला जागा आहे. मसुद्याची जबाबदारी गांधींकडे होती आणि त्यांच्या जोडीला टिळकांच्या बाजूने न. चिं. केळकर, तर चित्तरंजन दासांच्या बाजूने आय. बी. सेन होते. समितीची एकत्र बैठक एकदाही जमली नाही. सारे काम पत्रोपत्री झाले. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि डिसेंबरात मसुदा मंजूर झाला. वर्षाला चार आणे भरणारा आणि पक्षाचे ध्येय मान्य करणारा कोणीही प्रौढ, स्त्री असो वा पुरुष, सभासद होऊ शकत होता. गाव, तालुका, जिल्हा, प्रांत अशी समित्यांची उतरंड ठरली. प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येशी बांधली गेली, पन्नास हजारांमागे एक. वर्षभर कारभार पाहायला पंधरा जणांची कार्यकारी समिती आली. त्या नागपूरला चौदा हजारांवर प्रतिनिधी लोटले होते. पुढच्या वर्षी अहमदाबादला ते पाच हजारांच्या आत आले. शिवाय अहमदाबादच्या मंडपात खुर्च्याही नव्हत्या, सगळ्यांनी खाली बसायचे होते. गर्दी घटली, पण आता आलेला प्रत्येक माणूस कुठून तरी निवडून आलेला होता.

याच घटनेने देशाचे भाषेनुसार २१ प्रांत पाडले. सरकारच्या मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी आणि सिंधी जिल्हे एका दावणीला बांधलेले होते, तर काँग्रेसच्या नकाशात पुण्याची महाराष्ट्र प्रांतिक समिती वेगळी, मुंबई शहराची वेगळी, नागपूरची वेगळी आणि अमरावतीला वऱ्हाडची वेगळी. वऱ्हाड आणि नागपूर वेगळे ठेवण्यात जुने मानापमान होते हे उघड आहे. पण मुद्दा असा, की तालुक्याच्या बैठकीत बसणाऱ्याला आता इंग्रजी येण्याची गरज उरली नाही. (टिळकांची लीग जिथे जन्मली ते बेळगाव या वाटणीत कर्नाटक प्रांतात गेले आणि टिळकांचे मराठीभाषक अनुयायी गंगाधरराव देशपांडे कर्नाटकाचे पुढारी झाले. त्या वेळी यावर कोणी डोके फोडून घेतले नाही.)

आता त्या पावतीकडे जरा जवळून पाहू. चार आण्यांची पावती फाडायची तर कार्यकर्त्याला दारात उभे राहावे लागते, आणि पैसे मागणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क समोरच्याला आपोआप मिळतो. स्वराज्य म्हणजे काय, हे सभेत तासभर बोलता येते. ओट्यावर मात्र सारा कमी होणार का, दारूचे दुकान उठणार का, याचे उत्तर द्यावे लागते. ज्याला ते देता येत नाही त्याचे पावतीपुस्तक कोरेच परत येते. कार्यकर्ता तालुक्याच्या बैठकीला जातो तो हेच प्रश्न घेऊन, आणि त्याच बैठकीत जिल्ह्यावर कोणाला पाठवायचे याचेही मत पडते. म्हणजे निरोप वरून खाली नेणारी आणि खालची तक्रार वर आणणारी वाट एकच होती. १९२१ च्या वसंतात बेजवाड्याला ठरलेले लक्ष्य या दृष्टीने बोलके आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे, आणि हे सगळे ३० जूनपर्यंत. फंड कोटीच्या पुढे गेला, त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. सभासद मात्र पन्नास लाखांच्या आसपासच थांबले. मुंबईत दहा शेठजींनी मनावर घेतले की लाख रुपये उभे राहतात. लाख सभासदांसाठी लाख दारे गाठावी लागतात.

महाराष्ट्राने या घटनेची खरी परीक्षा घेतली. नियम सगळीकडे तेच, वर्गणी तीच आणि गांधीही तेच. तरी १९२० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील बहुजन समाज काँग्रेसपासून फटकून राहिला. कारण पावती घेऊन येणारा माणूस. पुण्याच्या प्रांतिक समितीवर टिळकांच्या अनुयायांची पकड होती आणि त्यांतल्या अनेकांना असहकारच मनापासून पटलेला नव्हता. दुसरीकडे १८७३ पासूनच्या सत्यशोधक चळवळीने जलशांतून गावोगाव आपले श्रोते आणि आपले वक्ते तयार केले होते, आणि त्यांच्या लेखी काँग्रेस हा शेटजी-भटजींचा पक्ष होता. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला तो गणेशोत्सवाच्याच आखाड्यात, म्हणजे टिळकांनी घडवलेल्या साधनाने टिळकपक्षावर प्रहार करायला. दार सर्वांसाठी उघडे आहे असे घटनेत लिहिले की काम भागत नाही. दारात कोण उभे आहे ते लोक आधी पाहतात.

ही कोंडी फुटली ती १९३० मध्ये जेधे सत्याग्रहात उतरल्यावर. काकासाहेब गाडगीळांसारख्या ब्राह्मण कार्यकर्त्यांशी त्यांची जोडी जमली आणि शंकरराव देवांच्या काळात प्रांतिक काँग्रेसचा चेहरा पालटू लागला. निरोपही बदलला. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबूच्या कामट्यांनी सजवलेले नगर नंदलाल बोस यांनी आखलेले. कौतुक या सजावटीचेच फार होते. मला महत्त्वाचा वाटतो तो तिथे मांडलेला शेतीचा कार्यक्रम. खंड आणि सारा कमी करणे, कर्जाचा भार हलका करणे, शेतकरी संघटनांना मान्यता देणे, हे सगळे ओट्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना दिलेले उत्तर होते. पुढे साताऱ्यातील प्रतिसरकारच्या काळात नाना पाटलांसारख्या सत्यशोधक मुशीतल्या माणसांनी जे लोकबळ उभे केले, त्याची मुळे या मिलाफात आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळे गांधींच्या नावाचे गारुड होते, पावत्यांचे श्रेय कशाला? गारुड होतेच, पण त्याच्या मर्यादाही नोंदल्या गेल्या आहेत. १९२४ मध्ये बेळगावच्या अधिवेशनाचे अध्यक्ष स्वतः गांधी होते आणि चार आण्यांऐवजी महिना दोन हजार वार सूत, अशी सभासदत्वाची अट त्यांनी घालून घेतली. सभासदसंख्या कोसळली. वर्ष सरायच्या आत पाटण्याला पैशाचा पर्याय परत द्यावा लागला. माणूस तोच आणि त्याच्याविषयीचा आदरही तोच, पण मागणी आवाक्याबाहेर गेली तेव्हा आदर करणाऱ्यांनी नमस्कार केला आणि घरी बसले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. १९३५-३६ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास असलेले सभासद १९३८-३९ पर्यंत पंचेचाळीस लाखांवर गेले. मधल्या काळात दारे झिजवण्याचा उत्साह दसपट वाढला होता का? नाही. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली आणि हौशे, नवशे, गवशे सगळेच खादी घालून रांगेत उभे राहिले. बोगस नावे, एकाच माणसाने भरलेली शेकडोंची वर्गणी, अशी खोगीरभरती सुरू झाली आणि गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर जाहीर कोरडे ओढले. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि सभासदांचा आकडा हे बळाचे माप नव्हे, हेही त्यातून कबूल करावे लागते. पण खोटी नावे कोणी आणि का घुसवली, हाही प्रश्न आहे. त्या यादीवर तालुका आणि जिल्हा कोणाच्या हाती जाणार हे ठरत होते, म्हणून. ज्या मताला किंमत नाही त्याची बनावट करण्याचे श्रम कोणी घेत नाही. उलट टोक पुढे दिसले. १९७२ नंतर वीस वर्षे काँग्रेसमध्ये संघटनेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. १९९२ मध्ये तिरुपतीला कार्यकारिणीची निवडणूक झाली तेव्हा ती बातमी ठरली. तोवर जिल्ह्याचा अध्यक्ष दिल्लीच्या पत्राने नेमला जात होता आणि खालून वर येणारी वाट बुजली होती.

बांधणी शाबूत असताना निरोपच तिच्याशी बेइमान झाला तर काय होते, याचा पुरावा १९५६ चा आहे. नागपूरपासून छत्तीस वर्षे काँग्रेसने मराठी माणसाला भाषेच्या प्रांतात मोजले होते आणि त्याच नावाच्या पावत्या दिल्या होत्या. त्याच पक्षाने आधी मुंबई वेगळी काढण्याची आणि मग द्वैभाषिकाची भाषा सुरू केली. तालुक्याच्या कार्यकर्त्याने ओट्यावर काय सांगावे? जेध्यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात भरलेल्या सभेतून संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. हेच जेधे बहुजनांना काँग्रेसमध्ये घेऊन आले होते, १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष काढून बाहेर पडले होते आणि मधल्या काळात परतही आले होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. समित्या, दप्तरे, पावतीपुस्तके सगळी जागच्या जागी असताना. १ मे १९६० ला राज्य झाले आणि १९६२ मध्ये याच पक्षाने यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. समितीत फूट पडली होती, हेही त्या यशाचे एक कारण आहेच. पण तालुक्यातील माणसे बहुतेक तीच होती, आणि दारात उभे राहून सांगण्यासारखे त्यांच्याकडे पुन्हा काहीतरी होते.