एडीची लाथ आणि पार्लरचा नियम

आजचा भाग एका लाथेवर आहे. टेकन 3 मधल्या एडी गोर्डोच्या लाथेवर.

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आसपास जे वाढले त्यांना व्हिडिओ गेम पार्लर म्हणजे काय हे सांगायला नको. शटर अर्धं खाली, आत दोन-तीन टीव्ही, प्लेस्टेशन आणि तासावर पैसे. नामको या जपानी कंपनीनं टेकन 3 आर्केडमध्ये आणला 1997 साली. 1998 मध्ये तो प्लेस्टेशनवर आला आणि आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं चालूच राहिला. एडी हा त्यातला नवा ब्राझिलियन गडी, कॅपोएरा खेळणारा. त्याला घेतलं की बाकी काही यायची गरज नसायची. एक्स, गोल, एक्स, गोल, ही लाथांची दोन बटणं बडवत राहा. तो गरगर फिरणार आणि समोरचा आडवा. म्हणून पोरांनी नियम काढला: एडी घ्यायचा नाही. घेतलाच तर एकच लाथ सारखी मारायची नाही.

वरवर बघितलं तर न्याय्य नियम. माझं मत वेगळं आहे. या नियमानं आपल्याला खेळ शिकूच दिला नाही.

जरा मागे जाऊ. 1991, कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर 2. त्यात गाडी फोडायची एक बोनस फेरी आहे. तिथले बग शोधताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांना दिसलं की वेळ अचूक साधली तर एका फटक्याला लागून लगेच दुसरा बसतो. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पण ते इतकं अवघड वाटलं की कुणाच्या फारसं कामाला येणार नाही, असं समजून तसंच ठेवलं गेलं. (आम्ही असं काही प्रॉडक्शनला सोडलं तर त्याच संध्याकाळी मीटिंग लागते.) त्यातून कॉम्बो आले. 1993 च्या सुपर स्ट्रीट फायटर 2 मध्ये तर गेम स्वतःच स्क्रीनवर हिट मोजून दाखवायला लागला.

आता, बंदी नेहमीच चुकीची असते असं नाही. 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बोमध्ये अकुमा नावाचं लपवलेलं पात्र होतं. ते हवेतून खाली आगगोळे टाकायचं आणि बाकीच्यांकडे त्यावर धड उत्तरच नव्हतं. स्पर्धांमधून त्याला बाहेर ठेवलं, ते बरोबरच. प्रश्न एवढाच विचारायचा की या डावाला तोड आहे का? तालमीत एखादा पोरगा एकच डाव सारखा टाकत असेल तर वस्ताद त्याचा डाव बंद करत नाही. समोरच्याला तोड शिकवतो.

आणि एडीला तोड होती, त्याच डिस्कवर होती. खालच्या लाथा उभं राहून अडत नाहीत, त्या खाली-मागे तिरकं दाबून बसून अडवायच्या. टेकन 3 पासून सगळ्याच पात्रांना बाजूला सरकता येतं, तेही होतं. पुढे कोरियन खेळाडूंच्या नावानं ओळखलं जाणारं कोरियन बॅकडॅश आलं. मागे-मागे असं दोनदा दाबलं की पात्र झटकन मागे सरकतं, पण लगेच पुन्हा सरकत नाही. मध्येच तिरकं खाली-मागे दाबून पहिली हालचाल तोडली की परत सरकता येतं. अंगठा दुखेपर्यंत हेच करत राहायचं. समोरच्याची लाथ हवेत जाते, त्याला सावरायला वेळ लागतो, तेवढ्यात आपण मारायचं. म्हणजे एकच लाथ मारणाऱ्यामुळेच हे तंत्र कामाला येतं. लाथेवर बंदी घातली तर ते शिकणार कोण आणि कशाला?

यात पैशाचाही भाग आहे. जपान-कोरियाच्या आर्केडमध्ये नाणं डावाला. हरला तो परत नाणं टाकतो, जिंकला तो बसून राहतो. रडून उपयोग नाही, तोड शोधा नाहीतर खिसा रिकामा करा. आपल्याकडे तास वाटून घेतलेला, चौघं मित्र, म्हणून भांडण मिटवायला नियम सोयीचा.

पण दक्षिण आशियाला हे जमत नाही असं म्हणायची सोय अर्सलान अ‍ॅशनं ठेवली नाही. लाहोरचा हा पोरगा 2019 मध्ये टेकन 7 साठी आधी एव्हो जपान जिंकला आणि त्याच वर्षी लास व्हेगासचा एव्होही. वर म्हणाला, पाकिस्तानात अजून तगडे खेळाडू आहेत.

काही गेमनी तर पार्लरचा नियम थेट कोडमध्येच घातलाय. निन्टेंडोचा सुपर स्मॅश ब्रदर्स तुमचे अलीकडचे फटके लक्षात ठेवतो आणि तोच तोच मारला की त्याचा जोर कमी करतो. टेकननं ते केलं नाही. तिथे मिशिमा घराण्याचा इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट आहे: पुढे, सोडा, खाली, मग तिरकं खाली-पुढे, आणि त्या शेवटच्या तिरक्याच्याच फ्रेमला त्रिकोण. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चूक करायला साधारण 17 मिलिसेकंद. जमला तर समोरच्यानं अडवला तरी आपल्याला मार बसत नाही. म्हणून मोठे खेळाडू तो एका डावात पुन्हा पुन्हा मारतात, सरळ सरळ तोच तोच. त्याला स्पॅम कुणी म्हणत नाही, टाळ्या वाजवतात.