ड्रॅगन फळाच्या लागवडीसाठी जमीन व हवामानाची पारख

ड्रॅगन फळ (प्रजाती: सेलेनिसेरियस, पूर्वीचे नाव: हायलोसेरियस) हे निवडुंग कुलातील वेलवर्गीय फळपीक असून ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. गुजरात शासनाने २०२१ मध्ये त्यास ‘कमलम’ असे नाव दिले. वेलास आधारासाठी सिमेंटचे खांब रोवावे लागतात आणि बाग साधारणपणे २० वर्षे टिकते. त्यामुळे भांडवल गुंतविण्यापूर्वीच जागेची पारख करणे आवश्यक ठरते.

वनस्पतीचा स्वभाव

निवडुंग असल्याने हे पीक कडक उन्हात व कोणत्याही जमिनीत येते, असा समज प्रचलित आहे. तो अर्धाच खरा आहे. खोडावरील रंध्रे रात्री उघडत असल्याने पाणी कमी लागते, हे खरे. परंतु मूळ अधिवासात हा वेल वाळवंटात नव्हे, तर वृक्षांच्या विरळ सावलीत, खोडांवर व खडकांवर वाढतो. त्याची मुळे उथळ असतात आणि साचलेले पाणी त्यांना सोसत नाही.

जमीन

जमिनीची सुपीकता सेंद्रिय खतांनी वाढविता येते. निचऱ्याचा दोष मात्र सहज दूर होत नाही. म्हणून प्रथम निचराच तपासावा. शेतात निरनिराळ्या ठिकाणी सुमारे दोन फूट खोल खड्डे घेऊन ते पाण्याने भरावेत, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावेत आणि दुसऱ्या वेळी लागणारा अवधी पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबून राहिल्यास ती जागा टाळणे हिताचे. खड्ड्याच्या कडांवरून मातीचे थर, मुरूम व चुनखडीही दिसून येते. माती परीक्षणात ५.५ ते ७ सामू अनुकूल मानला जातो. सिंचनाच्या पाण्यातील क्षारही तपासून घ्यावेत.

दख्खनच्या पठारावरील हलकी, मुरमाड जमीन इतर अनेक फळझाडांस अपुरी पडते, पण या पिकास ती चालते. राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने माळेगाव (ता. बारामती) येथे खडकाळ, उथळ जमिनीवर त्याचे प्रयोग केले आहेत. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मूळकूज संभवते. तेथे उंच गादीवाफे व चर अनिवार्य आहेत. चोपण जमीन अयोग्य होय.

हवामान

२० ते ३० अंश सेल्सिअस तापमान पोषक असते. ४० अंशांच्या पुढे प्रखर उन्हाने खोडे पिवळी पडून करपतात. म्हणून विदर्भ व मराठवाड्यात उन्हाळ्यातील सावलीचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. धुके विशेष बाधक नसले, तरी दंव वेलास घातक ठरते.

पावसाच्या वार्षिक आकड्याइतकेच त्याचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. भारतात फुलोरा मुख्यतः जून ते ऑक्टोबरमध्ये येतो आणि प्रत्येक फूल एकच रात्र उमलते. त्या रात्री मुसळधार पाऊस झाल्यास परागीभवन बिघडते. कोकणातील जांभी जमीन निचऱ्याची व आम्लधर्मी, म्हणजे मातीच्या कसोटीवर उतरणारी. मात्र तेथील अतिवृष्टी फुलगळ, फळकूज व बुरशीजन्य खोडरोगास निमंत्रण देते. याउलट पर्जन्यछायेतील सांगली जिल्ह्यात हे पीक रुजले असून २०२१ मध्ये तडसर येथील फळे दुबईस निर्यात झाली. अर्थात अशा भागातही फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत ठिबकद्वारे नियमित पाण्याची सोय लागते.