कोलकात्याच्या पूर्वेच्या भेरी

मंडळी, आजच्या विषयाचं नाव भारदस्त आहे: ‘निसर्ग आणि बांधकाम यांचा मेळ’. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला त्यातल्या ‘आणि’तच रस. एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं? कोलकात्यात ते सांगता येत नाही.

या शहराची जमीन हुगळीकडे नव्हे, उलट पूर्वेकडे उतरते. एकोणिसाव्या शतकात विल्यम क्लार्क या अभियंत्यानं हा उतार धरून भुयारी गटारं आखली. मैला नि पावसाचं पाणी पूर्वेच्या खाऱ्या दलदलीतून विद्याधरी नदीकडे निघालं. पुढे विद्याधरी गाळानं भरली. १९२८ साली ती मृत म्हणून जाहीर झाली. मग बी. एन. डे यांच्या योजनेतून कुल्टी नदीपर्यंत लांब कालवे खोदले गेले. इथवर सगळा इतिहास इंजिनियरांचा.

पण भरतीचं खारं पाणी आटल्यावर तिथल्या मत्स्यशेतीचं काय? तिथल्या लोकांनी सांडपाणीच तळ्यात घेतलं. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात. भेरी उथळ, म्हणून ऊन खोलवर पोचतं. जिवाणू मैला कुजवतात, शेवाळ प्राणवायू सोडतं, रोहू-कटला तेच शेवाळ खाऊन वाढतात. सांडपाणी किती घ्यायचं? जास्त झालं तर मासे गुदमरतात, कमी पडलं तर उपाशी राहतात. भेरीवाला पाण्याचा रंग बघून दार उघडतो. काठाला जलपर्णी राखतो, म्हणजे लाटांनी बांध ढासळत नाही. आपण जलपर्णीला शत्रू मानतो, बघा!

याला मी निव्वळ निसर्ग म्हणणार नाही. ही यंत्रणाच आहे, फक्त तिचा नकाशा कुणा कार्यालयात नव्हता. १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं तिथं जाऊन ती समजून घेतली, जगासमोर मांडली. १९९२ साली उच्च न्यायालयानं या भागात भराव घालायला मनाई केली. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेलं. २००६ साली राज्यानं कायदा केला.

तरी भराव थांबलेला नाही. सॉल्ट लेक ही वसाहत याच दलदलीवर उभी आहे, नावातच कबुली आहे! एक भेरी बुजली की मैला पचवायची आणि पावसाळी पाणी सामावून घ्यायची जागा एकदमच जाते. शिवाय बानतल्याला चामड्याचे कारखाने आहेत. मैला शेवाळाला चालतो, क्रोमियम चालत नाही. आणि भेरीवाल्याचा मुलगा? जमिनीचा भाव माशांच्या भावापेक्षा कितीतरी वेगानं चढतोय. रंग बघून दार उघडायची विद्या कायद्यानं राखता येते का, हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवतो.