मरणोत्तर माफी (ब्रिटिश सैनिक, पहिले महायुद्ध)

पलायन, भेकडपणा, हुकूम मोडणे यांसारख्या लष्करी गुन्ह्यांसाठी १९१४ ते १९१८ या काळात गोळ्या घालून ठार केलेल्या सैनिकांना ब्रिटिश संसदेने २००६ साली दिलेली माफी. त्यांची संख्या साधारणपणे ३०६ अशी दिली जाते. खुनासाठी देहान्त झालेले सैनिक यातून वगळले होते.

या माफीमागे हॅरी फार याच्या कुटुंबाचा लढा होता. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा हा शिपाई १९१५ मध्ये तोफांच्या माऱ्याने मन खचून (शेल शॉक) कित्येक महिने इस्पितळात होता. बरा ठरवून त्याला परत धाडले. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर त्याने पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते, आणि ऑक्टोबरमध्ये शिक्षा अंमलात आली. त्याची विधवा गर्ट्रूड हिची पेन्शन नाकारली गेली. पदरात लहान मुलगी होती आणि डोक्यावरचे छप्परही गेले. नवऱ्याला लागलेला भेकडपणाचा कलंक तिने इतका दडवला, की बाप कसा मेला हे मुलीला चाळिशीत कळले. सरकारने शिक्षा एकाला दिली. भोगली घरच्यांनी, तीही दोन पिढ्या.

पंतप्रधान जॉन मेजर यांनी १९९३ मध्ये माफीची मागणी फेटाळली होती. आजच्या मापाने इतिहास पुन्हा लिहिता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे फारची मुलगी उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २००६ मध्ये संरक्षणमंत्री डेस ब्राउन यांनी सरसकट माफी जाहीर केली. मुलीने तेव्हा नव्वदी ओलांडली होती. आई हयात नव्हती.

ही माफी ज्या सशस्त्र सेना कायद्याने दिली, त्याच्या कलम ३५९ची शब्दरचना मात्र फार सावध आहे. माफीमुळे दोषसिद्धी वा शिक्षा रद्द होत नाही, आणि कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे बुडालेल्या पेन्शनवर या माफीच्या आधारे दावा सांगता येत नाही. ही मेख टीकाकारांना खटकली, आणि ते रास्तच होते. कुटुंबांना मुख्यतः नाव स्वच्छ व्हायला हवे होते, हेही तितकेच खरे.

याच कलमात १९११च्या भारतीय लष्कर कायद्याखालील काही गुन्ह्यांचाही समावेश आहे. त्यामुळे तशा गुन्ह्यांसाठी देहान्त झालेले हिंदी शिपाईही माफीच्या कक्षेत येतात. न्यूझीलंडने आपल्या पाच सैनिकांना याआधीच, २००० साली, स्वतंत्र कायद्याने माफी दिली होती.