पुण्याचा सोमरस आणि एफेड्रीन : एक टिपण

सोम म्हणजेच एफेड्रा, हे विधान मराठी लेखनात पुष्कळदा सिद्ध झाल्यासारखे केले जाते. त्याची तपासणी पुण्यातील एका नोंदीपासून करता येते. पूना कॉलेजात १८५९ ते १८६६ या काळात संस्कृत अध्यापनाची धुरा वाहणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी सोमरस स्वतः चाखला होता. ऐतरेय ब्राह्मणाच्या आपल्या १८६३ च्या आवृत्तीत ते सांगतात, की दक्षिणेतील याज्ञिक वापरीत ती वनस्पती पुण्याजवळच्या डोंगरांवर मिळे. रस पांढरट, कडू आणि काहीसा मादक असून काही चमच्यांपलीकडे तो घेणे अशक्य होते. ही मूळ वैदिक वनस्पती नव्हे, असेही त्यांनी बजावले. रुईच्या कुळातील ‘सार्कोस्टेमा’ ही पर्णहीन, चिकाळ वेल ती असावी, असे सामान्यतः मानले जाते.

एफेड्राचा संबंध जोडला जातो तो मुख्यतः पारशी यस्नविधीतील ‘हओम’मुळे, तेथे एफेड्राच्या काड्या वापरतात. तिच्यातील एफेड्रीन जपानी रसायनज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये वेगळे केले आणि १९२४ मध्ये चेन व श्मिट यांनी त्याची क्रिया जगापुढे मांडली. ती क्रिया विलक्षण आहे. एकाच द्रव्याने दम्यात आवळलेल्या श्वासनलिकेचे अनैच्छिक स्नायू सैल पडतात, तर रक्तवाहिन्यांचे तसलेच स्नायू आवळतात व रक्तदाब चढतो. या विसंगतीचा उलगडा १९४८ मध्ये रेमंड अहलक्विस्ट यांनी अल्फा व बीटा असे ग्राहींचे दोन वर्ग कल्पून केला. रक्तवाहिन्यांत अल्फा ग्राही प्रबळ. श्वासनलिकेत बीटा, आणि त्यांतीलही दुसरा उपप्रकार, जो १९६७ मध्ये वेगळा ओळखला गेला. एफेड्रीन या ग्राहींवर काही अंशी थेट काम करते. पण बरेचसे काम मज्जातंतूंच्या टोकांतील साठवलेले नॉरअॅड्रिनॅलीन बाहेर काढून होते. म्हणूनच लागोपाठ मात्रा दिल्यास साठा ओसरतो व परिणाम मंदावतो. मेंदूवरील परिणाम जागरणाचा व अस्वस्थतेचा.

जागरणाचा हा गुण सोमाच्या वर्णनाशी जुळतो, असा युक्तिवाद होतो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो, कारण चहाही झोप उडवतो. ग्राहींचे शास्त्र द्रव्याची क्रिया सांगेल, वनस्पतीची ओळख नव्हे. शिवाय हाउग यांनी चाखलेला रस पांढरट होता, आणि एफेड्राच्या काडीतून चीक निघत नाही.