कुणी न बदललेली सेटिंग

१९९४ साली नेटस्केप या ब्राउझर-कंपनीतल्या लू माँटुली या प्रोग्रामरपुढची अडचण साधी होती. वेबसाइटला आठवण नव्हती. एका पानावर निवडलेली वस्तू दुसरं पान उघडताच विसरली जायची, मग ऑनलाइन दुकान चालायचं कसं? माँटुलीनं तोडगा काढला : सर्व्हरनं छोटीशी नोंद पाठवायची, ब्राउझरनं ती जपायची आणि पुढच्या खेपेला परत दाखवायची. हीच कुकी. ज्या साइटची नोंद, तिलाच ती मिळणार, म्हणून एका साइटला दुसरीकडचं काही कळायचं कारण नव्हतं.

पण फट राहिली. बातमीच्या पानावरची जाहिरात पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. तीच कंपनी पुस्तकांच्या दुकानात आणि आजारांची माहिती देणाऱ्या साइटवरही जाहिराती लावत असेल, तर तिन्हीकडून तिला कुकीतला एकच क्रमांक पोचतो. नाव न विचारताही माणसाचं वाचन, खरेदी, दुखणी सगळं एका खात्यावर जमा होत जातं.

ही फट वेळीच बुजवता आली असती. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द माँटुली यांच्या नावानं निघालेल्या आरएफसी २१०९ या मानकानं अशा थर्ड-पार्टी कुकी मुळातच बंद ठेवायला सांगितलं होतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मानलं नाही. कुकी चालूच राहिल्या, आणि त्या बंद करायला बहुतेक लोक सेटिंगच्या पानापर्यंत जातच नाहीत. कंपनीनं ठरवलं ते कोट्यवधींच्या संमतीनंच ठरलं असं धरून चालणं, हा या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

२००३ मध्ये आलेल्या अॅपलच्या सफारी ब्राउझरनं सुरुवातीपासूनच या कुकी अडवल्या. एक सवलत मात्र होती : वापरणाऱ्यानं त्या साइटचा फॉर्म भरून पाठवला, तर कुकी चालेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या जोनाथन मेयर यांनी दाखवून दिलं की, गूगलच्या जाहिरातीत डोळ्यांना न दिसणारा फॉर्म असतो आणि तो आपोआप पाठवला जातो. सफारीला वाटे, माणसानंच पाठवला. गूगलच्या मदतपानावर तर माग टाळायला सफारीवाल्यांना वेगळं काही करायची गरज नाही, असं लिहिलेलं होतं! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्याच वर्षी गूगलला २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड केला.

ब्राउझरमधून साइटला 'माझा माग काढू नका' असा संदेश पाठवायची सोयही याच काळात आली. मायक्रोसॉफ्टनं ती इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये आधीपासून चालू ठेवताच जाहिरातदारांच्या संघटनेनं तो संदेश पाळायला नकार दिला. तो बंधनकारक नव्हताच.

पुढे फायरफॉक्सनं सप्टेंबर २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी सर्वांसाठी बंद केल्या. मार्च २०२० मध्ये सफारीनं सगळ्याच थर्ड-पार्टी कुकी अडवल्या. जाहिरातींवर जगणाऱ्या गूगलनंही जानेवारी २०२० मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या दोन वर्षांत काढू म्हटलं, मग मुदत पुन्हापुन्हा लांबवली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडला. एप्रिल २०२५ मध्ये, वापरणाऱ्यांना वेगळं विचारणारी खिडकीही आणणार नसल्याचं जाहीर केलं. क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत या कुकी आधीच अडवलेल्या असतात. नेहमीच्या खिडकीत त्या ज्याच्या त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बंद करायच्या.