बालेवाडी

बालेवाडी : पुणे शहराच्या वायव्य कडेचे उपनगर, पूर्वीचे हवेली तालुक्यातील खेडे. शिवाजीनगरपासून सुमारे १२ किमी. अंतरावर, मुंबई–बंगळूरु महामार्गालगत (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८) मुळा नदीच्या काठी वसले आहे. पूर्वेस बाणेर, पश्चिमेस म्हाळुंगे, नदीपलीकडे वाकड व हिंजवडी. १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गावावरून पडलेले बालवडकर हे आडनाव येथील जुन्या घराण्यांत आढळते.

पूर्वी शेती हाच मुख्य व्यवसाय. आता निवासी संकुले, कार्यालये व उपाहारगृहे. हिंजवडीतील संगणक-उद्योगात काम करणाऱ्यांची वस्ती मोठी. नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आणि बांधकाम-व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी निकमार या संस्था येथे आहेत.

क्रीडासंकुल : बालेवाडीचे नाव राज्यभर झाले ते श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलामुळे. संकुलाचा बराच भाग म्हाळुंग्याच्या शिवारात येतो, म्हणून सरकारी कागदोपत्री ‘म्हाळुंगे-बालेवाडी’ असा जोड उल्लेख असतो. लोक मात्र नुसते बालेवाडी म्हणतात. जानेवारी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी राज्य शासनाने ते उभारले. वास्तुरचनाकार शशी प्रभू. मुंबईचे वानखेडे स्टेडियमही त्यांच्याच हातचे. दीडशे एकरांच्या आसपास पसरलेल्या या आवारात धावपट्टीसह मुख्य मैदान (आसनक्षमता सुमारे ११,९००), जलतरण तलाव, नेमबाजी केंद्र, कुस्ती व मुष्टियुद्धाच्या बंदिस्त जागा, सायकल-शर्यतींचा वर्तुळाकार मार्ग, टेनिस कोर्ट आणि बॅडमिंटन हॉल आहेत.  

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तिसऱ्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा येथे झाल्या. त्यांच्यासाठी संकुलाचे मोठे नूतनीकरण झाले. ‘जिगर’ नावाचा वाघ हे स्पर्धेचे बोधचिन्ह होते. भारताने ३३ सुवर्णपदकांसह एकूण ७६ पदके मिळवून पहिला क्रमांक घेतला. बॅडमिंटनमधील मुलींच्या एकेरीचे सुवर्ण साईना नेहवालचे. जुलै २०१३ मध्ये आशियाई मैदानी स्पर्धा चेन्नईहून ऐनवेळी येथे हलवण्यात आल्या. भारताला दोनच सुवर्णपदके मिळाली : थाळीफेकीत विकास गौडाला आणि महिलांच्या ४ × ४०० मी. रिलेत. जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत महाराष्ट्र ८५ सुवर्णांसह २२८ पदके जिंकून अव्वल ठरला.

व्यावसायिक संघ : स्पर्धा संपल्या की त्यांच्या कोनशिला उरतात. संघांचे तसे नसते. संघ बरखास्त झाला की त्याचा फलक उतरतो, पोशाख बाजारातून जातो, आणि पाच-सात वर्षांत तो होता हेही नव्या प्रेक्षकाला ठाऊक नसते. महाराष्ट्रात एकाच आवारात इतके व्यावसायिक संघ नांदून गेल्याचे दुसरे ठळक उदाहरण नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत इमारतींपेक्षा संघांना अधिक जागा दिली आहे.

यांतला आद्य संघ पुणे एफसी हा फुटबॉल क्लब. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये स्थापन केला. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००९-१० च्या हंगामात तो आय-लीगमध्ये आला आणि पदार्पणातच तिसरा आला. २०१२-१३ मध्ये दुसरे स्थान मिळाले. विजेतेपद कधीच मिळाले नाही. गोवा आणि कोलकाता यांच्यात वाटल्या गेलेल्या भारतीय फुटबॉलमध्ये पुण्याच्या संघाने अशी जागा मिळवणे ही मोठी कामगिरी होती. त्याहून मोलाचे म्हणजे या क्लबने मामुर्डी येथे युवा खेळाडूंसाठी अकादमी चालवली. पगारी खेळाडू बाहेरून आणणे सोपे असते; पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना राहायला, जेवायला आणि रोज सरावाला जागा देणे खर्चाचे व चिकाटीचे काम आहे. ते पुणे एफसीने केले. त्याचे पाठीराखे ढोल घेऊन मैदानावर येत. मुंबईच्या कूपरेज मैदानाचे काम सुरू असताना मुंबई एफसी व एअर इंडिया हे संघही आपले घरचे सामने बालेवाडीतच खेळत. त्या काळात आठवड्यात दोन-दोन सामने होत आणि तिकिटाचा दर विद्यार्थ्याला परवडणारा असे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चित्र बदलले. वाधवान समूह व अभिनेता हृतिक रोशन यांच्या मालकीचा एफसी पुणे सिटी हा तिच्यातला पुण्याचा संघ. पहिल्या हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता आघाडीवीर डेव्हिड त्रेझेगे त्याच्याकडून खेळला, दुसऱ्यात रुमानियाचा आद्रियान मुतू. त्या वर्षी प्रशिक्षक होते इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. त्याच सुमारास कल्याणी समूहाने भारत एफसी हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. म्हणजे २०१४-१५ मध्ये देशातील दोन प्रमुख लीगमध्ये खेळणारे तीन व्यावसायिक फुटबॉल संघ एकाच मैदानाला घर म्हणत होते. महाराष्ट्राच्या फुटबॉलमधील हे सर्वांत भरभराटीचे वर्ष, आणि उतरणही तेथूनच लागली.

भारत एफसी पहिल्याच हंगामात तळाला राहिला आणि २०१५ मध्ये बंद झाला. पुणे एफसीनेही त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले. अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. आय-लीगला दुय्यम करणारी नवी रचना येत असताना क्लबच्या मालकांना पुढची वाट दिसत नव्हती. दूरचित्रवाणीचा पैसा आणि जाहिरातदार दोन्ही सुपर लीगकडे वळले होते, आणि तिच्यात शिरायला मोठे शुल्क भरावे लागे. रिकामी झालेली जागा डीएसके शिवाजियन्स या पुण्याच्याच क्लबने २०१५-१६ पासून घेतली, पण दोन हंगामांनंतर तोही राहिला नाही.

उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८ चा हंगाम त्याचा सर्वोत्तम. रांको पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखाली ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो आल्फारो या जोडीने गोलांचा धडाका लावला. गोलरक्षक विशाल कैथ आणि डाव्या बाजूने धावणारा आशिक कुरुनियन हे याच संघात नावारूपाला आले. संघ प्रथमच बाद फेरीत पोहोचला. बंगळूरुविरुद्धचा उपांत्य फेरीचा बालेवाडीतील सामना गोलशून्य सुटला. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी पुणे १–३ असे हरले. पुढच्याच हंगामात घसरण झाली आणि २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद पडला. त्याची लीगमधील जागा हैदराबाद एफसीला मिळाली. तो संघ २०२१-२२ मध्ये विजेता झाला. बालेवाडीत सुपर लीगचे सामने मात्र त्यानंतरही काही आठवडे झाले. भुवनेश्वरचे कलिंग मैदान उपलब्ध नसल्याने ओडिशा एफसीने २०१९-२० मधील आपले सुरुवातीचे घरचे सामने येथे खेळवले.

या पडझडीचे खापर केवळ मालकांवर फोडणे अन्यायाचे होईल. मैदान शासनाचे, क्लब भाडेकरू. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून दूर बसतो. फुटबॉलची खरी वस्ती असलेला पुण्याचा लष्कर भाग, खडकी व दापोडी येथून रात्रीचा सामना पाहून परतणे सार्वजनिक वाहनाने अवघड होते. कोल्हापुरात पेठेपेठेचे संघ शाहू स्टेडियम भरून टाकतात, कारण संघ आणि वस्ती यांचे नाते आधीपासूनचे असते. बालेवाडीत मैदान आधी आले आणि संघ नंतर. दोघांच्या भोवती वस्ती तयार व्हायला लागणारी वर्षे कोणत्याही क्लबला मिळाली नाहीत.

कबड्डीचे तसे झाले नाही. पुणेरी पलटण हा संघ २०१४ पासून, म्हणजे प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामापासून, अखंड टिकून आहे. मालकी इन्शुरकोट स्पोर्ट्सची. घरचे सामने बॅडमिंटन हॉलमध्ये होत आले आहेत. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तळाला होता. २०१६ मध्ये तिसरा आला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सकडून २९–३३ असा पराभव पत्करावा लागला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातील. प्रशिक्षक बी. सी. रमेश. अस्लम आणि आकाश शिंदे हे दोघेही त्याआधी काही महिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. गावच्या मातीत शिकलेल्या मुलांना लिलावात बोली लागून मॅटवर खेळण्याचे पैसे मिळू लागले, हा गेल्या दशकातील महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनातला सर्वांत मोठा बदल मानावा लागेल. जिंतूर, गंगाखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कबड्डी खेळणाऱ्या मुलालाही आज पलटणचे नाव ठाऊक आहे.

अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीतच झाला. त्यात हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२–२३ असे हरवले. आदल्या हंगामात पलटणच्या विजेतेपदात मोठा वाटा असलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलू या वेळी हरयाणाकडून खेळत होता. २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई व दिल्ली येथे झाला. पुण्यात एकही सामना झाला नाही. तरीही पलटण अंतिम फेरीत गेली आणि दबंग दिल्लीकडून २८–३१ अशी हरली. माजी विजेत्या संघाला संपूर्ण हंगामात स्वतःच्या प्रेक्षकांपुढे खेळता न येणे ही लीगच्या आखणीतील मोठी उणीव आहे.

खो-खोची पहिली व्यावसायिक लीग, अल्टिमेट खो-खो, १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात संपूर्णपणे याच संकुलात झाली. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६–४५ असे एका गुणाने हरवले. महाराष्ट्राचा संघ मुंबई खिलाडीज. खो-खोचे नियम बांधण्याच्या आरंभीच्या कामात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा वाटा होता. त्या शहरात या खेळाची पहिली व्यावसायिक लीग व्हावी हे उचितच झाले.

अमेरिकन फुटबॉल : शिरस्त्राण व खांद्याची कवचे घालून, लंबगोल चेंडूने, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा हा खेळ. अमेरिकेत काही राज्यांत त्याचे दोन-तीन व्यावसायिक संघ असतात. भारतात २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. माइक डिटका व कर्ट वॉर्नर हे नामांकित अमेरिकन खेळाडू तिच्या पाठीशी होते. महाराष्ट्रातून पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ उभे राहिले. २०१२ चा पहिला हंगाम कोलंबोत खेळला गेला आणि पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६–० असे हरवून तो जिंकला. लीग पुढे रुजली नाही. तरीही पुण्याच्या नावावरील व्यावसायिक विजेतेपदांच्या यादीत हे नाव असायलाच हवे. खेळाडूंनी नवा खेळ मुळापासून शिकून ते मिळवले होते.

क्रिकेटचे संघ बालेवाडीत कधी नव्हते. ते महामार्गाने पुढे गहुंजे येथे : पुणे वॉरियर्स (२०१२ व २०१३; त्याआधी नवी मुंबईत) आणि रायझिंग पुणे सुपरजायंट (२०१६ व २०१७). दुसरा संघ २०१७ चा अंतिम सामना मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरला. दोन्ही बरखास्त.

टेनिस : एटीपी मालिकेतील चेन्नईची स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीत आली आणि महाराष्ट्र ओपन झाली. पहिला विजेता फ्रान्सचा जिल सिमाँ, अखेरचा (२०२३) नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर. २०२१ मध्ये करोनामुळे स्पर्धा झाली नाही. २०२४ पासून तिची जागा हाँगकाँगने घेतली. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या बिली जीन किंग कप स्पर्धेतील आशिया-ओशनिया गटाचे सामने येथे झाले.

जानेवारी–फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल करंडकाचे सामने मुंबई, नवी मुंबई व बालेवाडी येथे झाले. करोनाची लागण झाल्याने यजमान भारताला माघार घ्यावी लागली. अंतिम विजेता चीन.

दळणवळण : महापालिका परिवहनाच्या बसगाड्या, जवळचे मोठे रेल्वेस्थानक शिवाजीनगर. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचा (२३.३ किमी., २३ स्थानके) मार्ग बालेवाडीतून जातो.